तिसरा जीव

मयताच्या बिस्किटांत शहाजिरे सढळ हाताने घालावे. लोणी मात्र बेताचे. लोणी जास्त झाले तर भट्टीत अक्षरे पसरतात, आणि कोण मेले ते बिस्किटावर वाचता आले नाही तर गावात त्या घराचे हसे होते.

*

लठ्ठ कोंबडी कशाला म्हणायचे ते कारभारी ठरवतो. छातीचे हाड बोटाला लागले की कोंबडी परत.

*

चार वर्षांची मुलगी जिन्याच्या कठड्यातून डोके बाहेर काढून खाली बघते आहे. खाली दिवाणखान्यात कुळे उभी, टोप्या हातात धरून. तिच्या हातात पाव. पावावर लोणी बोटभर जाड.

*

जमीन मोजताना साखळी ताणून धरावी लागते. सैल धरली तर कागदावर जमीन वाढते.

*

"डेकवर बसू नका, बाईसाहेब. वारा झोंबतोय."

"मग काय, मरेन?"

*

आमचा पट्टा तीन जिवांचा होता. लीर्डामच्या चाळीस हजार एकरांत बहुतेक कुळांचा तसाच असे. कागदावर तीन माणसांची नावे घालायची. त्या तिघांतला शेवटचा मरेपर्यंत जमीन कुळाकडे. तो मेला की जमीन, घर, कोठार, बाग, विहीर, कुंपण, जे उभे असेल ते सगळे व्हान लीर्डाम घराण्याकडे परत. तोवर दर वर्षी चौदा बुशेल गहू, चार लठ्ठ कोंबड्या आणि घोडागाडीसह एक दिवसाची वेठ.

नावे कोणाचीही चालत. कूळ आपले नाव घाली, थोरल्या मुलाचे घाली आणि तिसरे पाळण्यातल्या पोराचे, कारण ते सगळ्यांत शेवटी मरेल असा अंदाज. पण पाळण्यातल्या पोरांना गोवर होई. घसा सुजून दोन दिवसांत जात. माझ्या आजोबांनी, याकोब डेकर यांनी, चर्चमागची ती आखूड थडगी पाहिली होती. १७८९ साली पट्टा लिहिताना त्यांनी पहिले नाव स्वतःचे सांगितले, दुसरे माझ्या वडिलांचे, टेऊनिसचे, वय नऊ. तिसरे नाव त्यांनी मालकाच्या मुलीचे सांगितले. कातलिना व्हान लीर्डाम, वय चार.

आमच्याकडे जमीनदाराला पत्रून म्हणतात. तोंडावर, मालक.

मालक हसले. "याकोब, माझ्याच पोरीच्या जिवावर माझीच जमीन खाणार होय रे?"

"मालक, तुमची पोर शंभर वर्षं जगो म्हणून मी रोज प्रार्थना करीन. दुसरं कुठलं कूळ करतं?"

त्याच हसण्यात मालकांनी सही केली. सगळ्या खोऱ्यात आजोबांच्या डोक्याची वाहवा झाली. मालकाच्या घरी डॉक्टर येतो, आल्बनी शहरातून येतो. मालकाच्या पोरीला थंडीत अनवाणी दूध काढायला जावे लागत नाही. आणि कोणता बाप जमिनीसाठी आपल्या मुलीचे वाईट चिंतील?

आजोबांचा सगळा विश्वास या शेवटच्या प्रश्नावर उभा होता.

*

प्रार्थना आजोबांनी खरोखर केली. रात्री मक्याच्या लापशीवर दूध ओतले जाई, डोकी खाली जात, आणि देश, पाद्री, गाई, पेरणी असे सगळे झाल्यावर शेवटी: "आणि कातलिनेला सांभाळ." मी लहान असताना मला वाटे ती कोणी संत असावी. भावाने, मथाइसने, एकदा पाद्र्यांना तसे विचारले आणि कानाखाली खाल्ली. आमच्या पंथात संत नसतात.

मी जन्मले तेव्हा कातलिना मरून वर्ष झाले होते. तरी प्रार्थना चालूच होती. फक्त हळू आवाजात.

*

व्हान लीर्डामांच्या घरच्या बायबलमध्ये पहिल्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू लिहिलेले आहेत. मी ते पान एकदाच पाहिले.

*९ मे १७८५. कातलिना जन्मली. देव तिला वाढवो.*

*२ ऑक्टोबर १८०८. कातलिना वारली.*

दुसऱ्या ओळीत देव नाही.

*

झाले असे. १८०८ साली मालकांनी कनेक्टिकटहून एक मोजणीदार आणला, लॅथ्रॉप नावाचा. त्याने साखळी ताणून धरली. उत्तरेची हद्द जुन्या सनदेपेक्षा सहा मैल पुढे सरकलेली निघाली. मालकांनी त्याला संध्याकाळच्या आत घालवून दिले. महिन्याभराने कातलिना त्याच्यामागे निघून गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी.

मालक म्हणाले, "माझी मुलगी वारली."

असे पुष्कळ बाप म्हणतात. यांनी मात्र बोलले ते करून दाखवले. मयत सांगणारा काळ्या फडक्याची टोपी घालून दारोदार गेला. सुताराकडून पेटी आली. बिस्किटे भाजली गेली, प्रत्येकावर तिच्या नावाची अक्षरे उठवलेली. पेटीला सहा खांदेकरी नेमले, प्रत्येकाला एक चांदीचा चमचा. सहांत माझे आजोबा होते.

नाही म्हणायचे म्हणजे मालकांना तोंडावर खोटे पाडायचे. शिवाय आजोबा स्वतः जिवंत होते, वडील अठ्ठावीस वर्षांचे, बैलासारखे. तिसऱ्या जिवाची आत्ताच काय घाई? आजोबांनी खांदा दिला, दारू घेतली, बिस्कीट खिशात घालून घरी आणले. मयताचे बिस्कीट कोणी खाऊन संपवत नाही. आठवण म्हणून ठेवतात. आजीने ते भांड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवले आणि त्याच रात्री, नेहमीप्रमाणे, दोघांनी कातलिनेच्या आयुष्यासाठी प्रार्थना केली. त्यांना त्यात काही विसंगत दिसले नाही. मालकाच्या दारात ती मेलेली, देवाच्या दारात जिवंत. दोन वेगळी दारे.

*

आजोबा १८१९ मध्ये गेले.

वडील १८४३ च्या मार्चमध्ये गेले. गोठ्यात, दूध काढता काढता. भांडे सांडले नव्हते.

*

वडिलांना पुरून आम्ही घरी आलो तर अंगणात कारभारी पिट घोड्यावरून उतरत होता. हा नवीन माणूस, बॉस्टनकडचा. जुन्या मालकांच्या नातवाने, कॉर्नेलिसने, ठेवलेला. टोपी काढून माझ्यासमोर उभा राहिला.

"लिस्बेट, वाईट झालं हो. टेऊनिस देवमाणूस होता."

"पुरायला नाही आलात ते?"

"यायचं मनात होतं." त्याने खिशातून कागद काढला. "एक मेपर्यंत घर मोकळं करायचं. अवजारं तुमची, गुरं तुमची. बाकीचं जिथल्या तिथं."

मथाइस म्हणाला, "तिसरा जीव आहे."

"तिसरा पस्तीस वर्षांपूर्वी गेला, बाळा. तुझा आजोबा खांद्याला होता."

"पेटी रिकामी होती हे शेंबडं पोरही सांगेल."

"मग शेंबड्या पोराला घेऊन ये न्यायाधीशापुढे." पिट घोड्यावर चढला. चढता चढता त्याने सफरचंदाच्या बागेवरून नजर फिरवली. "छाटणी मात्र छान केलीये यंदा."

मथाइस कुऱ्हाड शोधायला लागला. झाडे तोडून टाकतो म्हणाला. मी म्हणाले, "थांब. आधी बाई शोधू."

*

बाई सापडायला वेळ लागला नाही. सगळ्यांना माहीत होते, फक्त कोणी बोलत नव्हते. नदीवर जहाज चालवणारा आरी म्हणाला, "लॅथ्रॉपची विधवा ना? पोकीप्सीला. गवताच्या काड्यांच्या टोप्या विणते. जिभेला धार आहे हं तिच्या, जपून."

खालच्या बाजाराच्या गल्लीत एक खोली. खिडकीत टोप्या टांगलेल्या. आत सत्तावन्न वर्षांची बाई, ओठांत टाचण्या धरून बसलेली. मी माझे नाव सांगितले. तिने टाचण्या एकेक करून काढल्या.

"डेकर. म्हणजे तुम्ही माझ्यावर चरणारी माणसं."

"बाईसाहेब, आम्ही..."

"आजोबा आहे?"

"वारले. वडीलही. तीन आठवडे झाले."

"म्हणजे आता मी एकटीच." ती हसली. "आणि मी तर मेलेली! मग गं? काय करणार तुम्ही?"

मी सगळे सांगितले. न्यायाधीशांपुढे उभे राहून फक्त एवढे म्हणायचे की मी कातलिना व्हान लीर्डाम, आणि मी जिवंत आहे. येण्याजाण्याचे भाडे आमचे.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि मला काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. अख्ख्या वाटेत, जहाजावर, गल्लीत, एकदाही नाही. मी म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे येऊन राहा. कायमच्या. पुढची खोली देऊ."

"डेकरच्या घरी? मी?"

टोप्या विणून बोटे चिरलेली, भिंतीला ओल, चुलीत विस्तव नाही. आणि ती अशी हसली की जणू मी तिला गोठ्यात झोपायला सांगितले.

मग हसू आवरून म्हणाली, "कोंबड्या अजून चारच देता ना?"

"चारच."

"माझा बाप छाती दाबून बघायचा. कारभाऱ्यावर सोडायचा नाही." ती टोपीची कड चाचपत राहिली. "नदीकडच्या खोलीची खिडकी अजून घट्ट बसते का गं?"

"मला काय माहीत, बाईसाहेब? आम्हाला वर कोण जाऊ देतं?"

"हो. खरंच." ती उठली आणि शाल शोधू लागली. "चल. बघून येऊ."

मी देवाचे आभार मानले. ती काय बघायला निघाली होती हे मी विचारले नाही.

*

आगबोटीवर मी तिला आत बसवले. गरम रस्सा आणून दिला. माझी शाल तिच्या शालीवर घातली. तिला खोकला आला की माझा हात आपोआप तिच्या पाठीवर जाई.

थोड्या वेळाने ती पुन्हा खोकली. मी वळले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा खोकली, मुद्दाम, आणि माझा चेहरा बघून खदखदून हसली.

"अगंबाई! पांढरी पडलीस की!"

"बाईसाहेब, थट्टा करू नका."

"माझा नवरा मेला तेव्हा मी आठ दिवस तापात होते. कोणी पाणी विचारलं नाही. कुठं होतात तेव्हा तुम्ही?"

"आम्हाला कळलं नाही."

"तेव्हा तुझा बाप जिवंत होता ना. म्हणून नाही कळलं." तिने रश्श्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला. "घे, पी तू. गाभण गाईलासुद्धा इतकं जपत नाहीत."

मी रस्सा प्यायले. मला भूक लागली होती.

*

मधेच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही: ती १८६१ पर्यंत जगली. शहात्तर वर्षांची होऊन, झोपेत गेली. आणखी अठरा पेरण्या. आजोबांची निवड चुकली नव्हती.

*

सुनावणी मालकांच्याच दिवाणखान्यात होती. न्यायाधीश गावातले, पण गावात एवढे मोठे टेबल दुसरे नाही.

कॉर्नेलिस व्हान लीर्डाम पायऱ्या उतरून खाली आला. तिशीतला, पातळ केसांचा, आवाज मऊ. बाईंना बघून तो क्षणभर थांबला. बाईंचे नाक, भिंतीवरच्या तसबिरींतली नाके आणि त्याचे नाक एकच होते.

"आत्या," तो म्हणाला. "या. थंडीतून आलात. आधी चहा घ्या."

आत्या. मी ऐकले. मथाइसने ऐकले. पिटनेही ऐकले आणि तो खिडकीबाहेर बघू लागला.

मथाइस माझ्या कानात म्हणाला, "जिंकलो आपण."

कॉर्नेलिस तिला हाताला धरून मागच्या बैठकीत घेऊन गेला. दार लागले.

दाराबाहेर जे ऐकू आले ते इतकेच: बशीवर चमचा. तिचा खोकला, खरा. त्याचे बोलणे, शब्द नाहीत, फक्त चाल. नंतर जिन्यावर दोघांची पावले, वर जाताना. वरून एक खिडकी उघडल्याचा आवाज, लाकूड घासल्यासारखा. बराच वेळ काहीच नाही. खिडकी बंद. पावले, खाली.

*

न्यायाधीशांनी आधी मला उभे केले. प्रश्न पिटने विचारले.

— तुमच्या घरी भांड्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, एक बिस्कीट आहे?

— आहे.

— कोणाच्या मयताचं?

— अक्षरं कातलिना व्हान लीर्डाम यांची आहेत. पण त्या...

— किती वर्षं ठेवलंत?

— पस्तीस.

— जिवंत माणसाच्या मयताचं बिस्कीट पस्तीस वर्षं जपून ठेवता तुम्ही?

लोक हसले. आमचेच लोक, कुळे, भिंतीला पाठ लावून उभी असलेली. त्यांच्याही कपाटांत तेच बिस्कीट होते.

मग वाउटर होख याला बोलावले. सहा खांदेकऱ्यांतला तेवढाच उरला होता. ऐंशी वर्षांचा, आमच्या कुंपणापलीकडचा. त्याच्या पट्ट्यात आता एकच जीव होता, तो स्वतः, आणि पुढचा पट्टा त्याच्या मुलाला मिळायचा तर कॉर्नेलिसच्या हातून मिळायचा.

— पेटीत कोण होतं, वाउटर?

— पेटी जड होती साहेब.

— मी विचारलं, कोण होतं?

— मी खांद्याला होतो. खांद्यावरून आतलं दिसत नाही.

तो माझ्याकडे न बघता परत भिंतीशी जाऊन उभा राहिला. मला राग आला नाही. बाई स्वतः आली आहे, मग वाउटरची काय गरज, असे माझ्या मनात होते. मी निवांत होते. त्या निवांतपणाची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

— बाई, आपलं नाव?

— मिसेस लॅथ्रॉप.

— माहेरचं?

ती उत्तर द्यायच्या आधी कॉर्नेलिसने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

— माहेर नाही मला.

— आपण कातलिना व्हान लीर्डाम यांना ओळखत होता?

— हो.

— त्या हयात आहेत?

मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दिवाणखान्याकडे बघत होती, जिन्याकडे, कठड्याकडे, खाली टोप्या हातात धरून उभ्या असलेल्या माणसांकडे.

— नाही. ती ऑक्टोबर १८०८ मध्ये वारली.

— आपल्याला खात्री आहे?

— माझ्यासमोर वारली.

मथाइस ओरडला, "खोटं! आत्ता आत्या म्हणून हाक मारलीत ना तुम्ही! तुम्ही! सांगा की!"

कॉर्नेलिस मऊ आवाजात म्हणाला, "मिसेस लॅथ्रॉप वयस्क आहेत. मानानं हाक मारायची आमच्या घरात पद्धत आहे."

पिटने बायबल आणून ते पान दाखवले. मी पाहिले ते तेव्हाच. न्यायाधीशांनी चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला. दोन मिनिटेही लागली नाहीत.

*

पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आमच्या खोऱ्यात कुळांनी पत्र्याची शिंगे फुंकायला सुरुवात केली. छिटाचे कपडे आणि कातड्याचे मुखवटे घालून घोड्यांवरून आली, शेरीफच्या हातातले कागद डांबरात बुडवून जाळले. वाउटरचा मुलगा त्यांत पुढे होता म्हणे. पुढे कायदाही थोडा हलला. आम्हाला बातमी कळली तेव्हा आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या गिरणीत होतो. मथाइसने विचारले, "तेव्हा कुठं होती ही शिंगं?" मी म्हणाले, "जेवायला बोलवायला वापरत होते."

*

एक मे. सगळ्या राज्यात लोक घरे बदलतात त्या दिवशी, रस्ते गाड्यांनी भरलेले असतात; त्यामुळे आमच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. गाडीत पलंग, चरखा, नांगर, दोन डुकरे, आजीचे भांड्यांचे कपाट आडवे. बिस्कीट मी आदल्या दिवशीच डुकरांना घातले होते.

वाट मालकांच्या दारावरूनच जाते. नदीकडच्या ओसरीवर ती बसली होती, अंगावर लोकरीची चांगली शाल. मी मथाइसला गाडी थांबवायला सांगितली.

"नको ताई. तिच्या तोंडी लागून काय मिळणार?"

"काही नाही. थांब तू."

मी कुंपणापर्यंत गेले. ती उठली नाही, पण आतही गेली नाही.

"निघालात?"

"निघालो. मिळाली का खोली?"

"मिळाली. खिडकी अजून घट्टच बसते. चौकटीला मेणबत्ती घासायला सांगितलीये."

"खोली आम्हीही देत होतो."

"देत होतात. आणि रोज सकाळी दार ढकलून बघितलं असतंत, श्वास चालू आहे ना ते." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या शेतातल्या बुजगावण्यासारखी उभी राहिले असते मी तुमच्या घरात, पडेपर्यंत. या पोराला माझ्या जगण्याशी देणंघेणं नाही. मरण्याशीही नाही. एवढा निवांतपणा मला जन्मात कोणी दिला नव्हता."

"त्यासाठी आमचं घर?"

"तुमचं?"

तो एक शब्द तिने असा उच्चारला की मी कुंपणाच्या दांडीवरचा हात काढून घेतला.

"बाईसाहेब, यांनी तुम्हाला जिवंतपणी पुरलं. सगळ्या खोऱ्याला बिस्किटं वाटली. आणि तुम्ही यांच्या बाजूनं?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. बापानं मला घरातून काढलं, मान्य. जमिनीनं नाही काढलं. आजोबांच्या आजोबांनी ती नदीपासून डोंगरापर्यंत घेतली ती काय तुकडे तुकडे करून डेकरांना वाटायला? मी हो म्हटलं असतं तर उद्या प्रत्येक कूळ कोणा ना कोणा मेलेल्याला हाताला धरून दारात उभं राहिलं असतं." ती शाल सारखी करत म्हणाली, "घरची जमीन घरात राहिली. तू कूळ आहेस, तुला नाही कळायचं ते."

"लॅथ्रॉपनी काय मोजलं होतं मग? सहा मैल?"

पहिल्यांदाच तिने मान वळवली. नदीकडे बघत राहिली.

"तो चांगला माणूस होता," ती म्हणाली. "पण बाहेरचा होता."

मथाइसने शीळ घातली. घोडा अस्वस्थ झाला होता. मी परत गाडीकडे आले आणि चढले. वळणावरून आमचे कोठार दिसते. आम्ही दोघांनीही मान वळवली नाही. पिटची माणसे तिथे आधीच पोचली होती, कुंपणाशी कोणाची तरी नवीन गाडी उभी होती, आणि एक बाई विहिरीवरून पाणी काढताना हसत होती. रहाट हलका फिरतो आमचा. तिला आवडला असावा.

"किती वर्षांचा पट्टा दिला असेल त्यांना?" मथाइसने विचारले.

"कोणास ठाऊक. कोणाचे जीव घातलेत त्यावर आहे."

१७८९ साली पट्ट्यावर सही झाली त्या दिवशी आमच्या त्या एकशे चार एकरांत दाट जंगल होते, आणि नांगर फिरेल अशी हातभरही जागा नव्हती.